भट्टीतला नीलम

प्रॅक्टिकलच्या परीक्षा जवळ आल्या की मी कपाटातले ट्रे काढून पुसायला घेते. लाकडी ट्रे, त्यात चौकोनी खण, प्रत्येक खणात एक दगड आणि दगडावर पांढऱ्या रंगाच्या ठिपक्यात नंबर. नाव कुठंच लिहिलेलं नसतं. ते मुलांनी ओळखायचं. नखानं ओरखडा उठतो का, काचेवर घासलं तर काचेला चरा पडतो का, फुटलेली कड कशी दिसते, उजेड आरपार जातो का. धारवाडात या दिवसांत सकाळीच ऊन अंगावर येतं. लॅबमधला पंखा गरम हवा इकडून तिकडं करतो. स्पिरिटचा वास दाटून राहतो. दुपार कलली की पश्चिमेला ढग जमतात, वारा सुटतो, लाल धूळ खिडकीच्या चौकटीवर येऊन बसते, आणि बहुतेक दिवशी ते ढग काही न देता हुबळीकडं निघून जातात.

दरवर्षी या सुमाराला कुणीतरी विद्यार्थी सापडलेला खडा घेऊन येतो. केलगेरीच्या तळ्याचं पाणी मागं सरतं, काठाचा चिखल तडकतो आणि त्यात काहीबाही चमकायला लागतं. रुमालाची गाठ सोडत पोरगी विचारते, "मॅडम, हे काही किमती आहे का?" बहुतेक वेळा ती बाटलीची झिजलेली काच असते. कधी गोकुळ रोडवरच्या एखाद्या फाउंड्रीतली धातूची मळी, हिरवी-निळी, काचेसारखीच. पूर्वी मला हे सांगायला मजा वाटायची. पोरांचं तोंड उतरलं की मी हसायची, मग त्यांना त्या काचेतले बुडबुडे दाखवायची. आता कुणी खडा पुढं केला की माझा हात लगेच पुढं जात नाही. "ठेव तिथं, बघते नंतर," म्हणते.

गिरीश माझ्या अक्काचा मुलगा. अक्का माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी, हुबळीत प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झालेली. भाऊजी लवकर गेले. घरात ती आणि गिरीश दोघंच. तो फोमच्या गाद्या करणाऱ्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचा. उंच, थोडा वाकून चालणारा, जेवताना पुस्तक वाचायची सवय असलेला. तिशी उलटली तरी लग्न जमत नव्हतं, नोकरीत बढती होत नव्हती, एकदा गाडीवरून पडून पाय मोडला होता. अक्कानं कुठल्याशा ज्योतिषाला पत्रिका दाखवली. शनी वाईट आहे, नीलम घाला, असं त्यानं सांगितलं. तिनं हुबळीतल्या एका खड्यांच्या दुकानातून नीलम आणला, चांदीत बसवून घेतला आणि एका शनिवारी त्याच्या बोटात घातला.

मला तिनं विचारलं नव्हतं. मी काय म्हणणार हे तिला माहीत होतं. पुढं संक्रांतीला मी गेले तेव्हा गिरीश मला तिळगूळ देताना डावा हात पाठीमागं धरून उभा होता.

"काय लपवतोस रे?" मी म्हटलं.

"मावशी, तू बघू नकोस," तो हसत म्हणाला. "तू बघितलंस तर खोटं निघेल."

अक्का आतून म्हणाली, "सिंहलद्वीपचा आहे म्हणावं. खाणीतला. तिच्या लॅबमध्ये नाही तसला."

मी बघितला नाही. विषय तिथंच राहिला. आम्ही गुळाच्या पोळ्या खाल्ल्या.

कारखान्याला आग लागली ती ऐन उन्हाळ्यात. मी पेपर तपासत बसले होते. अक्काचा फोन आला. "शालू, गिरीश फोन उचलत नाही. गोकुळ रोडकडं आग लागलीय म्हणतात. त्यांच्याच शेडला म्हणतात." तिचा आवाज शाळेत हजेरी घेतल्यासारखा सपाट होता. मी हुबळीला पोचले तोवर रस्ता अडवला होता. जळलेल्या फोमचा वास असा की तो नाकात न राहता जिभेवर बसत होता. नंतर कितीतरी दिवस मला चहातही तो लागायचा.

शेडला दोन दारं होती. पुढच्या दाराशी आग लागली. जे पुढं होते ते भाजून का होईना बाहेर पडले. काही जण घाबरून सरळ पळाले ते पोलिसांना तोंड द्यावं लागेल म्हणून नातेवाइकांकडं जाऊन लपले. तेही एकेक करून आपणहून घरी परत आले. मागच्या दाराला बाहेरून कुलूप होतं. माल चोरीला जातो म्हणून मालक ते रोज लावायचा. हे त्याच दिवशी सगळ्यांना कळलं होतं. मागचा अर्धा भाग छपरासकट खाली बसला होता आणि आत केमिकलचे ड्रम होते, म्हणून तो उपसायला कुणी धजत नव्हतं.

मधल्या भागात एक प्रेत मिळालं. ओळखण्यासारखं त्यात काही राहिलं नव्हतं. आणि घरी न आलेले दोघं होते. एक गिरीश, दुसरा सिद्धार्थ, फोम कापायच्या मशीनवर काम करणारा.

सिद्धार्थच्या आईचं नाव कांताबाई. एका शाळेत आया म्हणून नोकरी करायच्या. सरकारी इस्पितळाच्या शवागाराबाहेर एक सिमेंटचा बाक होता, त्यावर एका टोकाला अक्का आणि दुसऱ्या टोकाला कांताबाई बसायच्या. दोघींचं रक्त तपासणीसाठी घेतलं होतं. बंगळूरहून रिपोर्ट यायला काही आठवडे लागतील असं सांगितलं होतं. पहिले दोन दिवस दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. बोलणार काय? एकीचा मुलगा आत असेल तर दुसरीचा कदाचित कुठंतरी जिवंत होता.

मग प्रेताच्या हाताखालच्या राखेत तो खडा सापडला. चांदी वितळून त्याच्या एका बाजूला गोळा झाली होती.

"माझ्या गिरीशच्या हातात नीलम होता," अक्का इन्स्पेक्टरला म्हणाली.

"माझ्या पोराच्या पण हातात निळा खडा होता," कांताबाई म्हणाल्या. "मठाच्या जत्रेत घेतलेला. आम्ही खडे-बिडे मानत नाही साहेब. त्याला निळा रंग आवडायचा, म्हणून. काचेचाच असणार, जत्रेत दुसरं काय मिळतंय."

एकीचा खाणीतला, एकीचा काचेचा. इन्स्पेक्टरनं एका सोनाराला दाखवला. तो म्हणाला, इतका काळा पडलाय, मी नाही सांगत. तेव्हा अक्का म्हणाली, "माझी बहीण दगडांचीच प्राध्यापक आहे."

दुसऱ्या दिवशी जीप आमच्या कॉलेजात आली. इन्स्पेक्टरबरोबर अक्का होती आणि कांताबाईही होत्या. त्यांनीच हट्ट धरला होता, आणि तो बरोबर होता. मी त्या मुलाची मावशी होते. मी खरं सांगेन हे त्यांनी का मानावं?

"कुंदर्री," म्हणत मी त्यांच्यासाठी स्टुलं पुढं केली. इन्स्पेक्टर कानडीत म्हणाला, "मॅडम, हे कोर्टासाठी नाही. कोर्टाला रिपोर्ट आहे. पण या दोघी सकाळपासून माझ्या दाराशी बसतात. मला त्यांना काहीतरी सांगता आलं पाहिजे."

मी त्याला म्हटलं, "मी मुलाची मावशी आहे हे लिहून घ्या." त्यानं मान हलवली.

टेबलावर परीक्षेचे ट्रे तसेच पडले होते. ते मी बाजूला सरकवले. कापसाला स्पिरिट लावून खडा पुसला. काजळी हळूहळू निघाली आणि आतून निळा रंग वर आला, गडद, स्वच्छ. मी कोपरं टेबलाला टेकवली. भिंगातून कडा बघितल्या. चांदी वितळेल एवढ्या उष्णतेत काचेच्या कडा मऊ होऊन गोलावल्या असत्या. या तशाच धारदार होत्या. खात्री करायला मी तो मायक्रोस्कोपखाली ठेवला, वर-खाली उजेड गाळणारे पोलरॉइड लावले आणि खडा फिरवला. काच असती तर कितीही फिरवली तरी नुसता अंधार दिसला असता. इथं अंधार गेला, उजेड आला, पुन्हा अंधार झाला.

"काच नाही," मी म्हटलं.

माझ्या मागं कांताबाईंनी श्वास सोडला. तो सुटकेचा श्वास होता आणि त्यांच्या ते लगेच लक्षात आलं असावं, कारण त्यांनी पदर तोंडावर धरला. अक्का माझ्याकडं बघत होती.  तिची पर्स मांडीवरून घसरून खाली पडली, ती तिनं उचलली नाही.

मी तिथं थांबू शकले असते का, असं मला नंतर कुणीकुणी विचारलं. थांबायचं कसं? तपासणी अर्धी झाली होती. एका छोट्या काचेच्या बशीत ग्लिसरीन ओतून मी खडा त्यात बुडवला, म्हणजे वरची चकाकी मरते आणि आतलं दिसतं. खालून दिवा लावला. खाणीतल्या नीलमात रंगाचे पट्टे सरळ असतात, कोपऱ्यात वळतात, रेशमाच्या धाग्यांसारख्या बारीक सुया दिसतात. इथं सुया नव्हत्या. पट्टे होते, पण वाकडे. जुन्या गाण्याच्या तबकडीवर असतात तशा कमानदार रेघा, एकीशेजारी एक. आणि दोन गोल बुडबुडे. मी डोळा बाजूला केला, पुसला, परत लावला.

"हा माणसानं केलेला आहे," मी म्हटलं. "भट्टीत."

"म्हणजे खोटा?" इन्स्पेक्टरनं विचारलं.

"खाणीतला नीलम ज्या पदार्थाचा असतो त्याचाच हा आहे. तितकाच कठीण. पण जमिनीतून निघालेला नाही."

"मग कोणाचा?"

"ते यावरून सांगता येणार नाही. जत्रेत हल्ली असले खडेही येतात, स्वस्त असतात. आणि दुकानदार असले खडे खाणीतले म्हणून सर्रास विकतात."

कांताबाई उठून आल्या. "मला बघू द्या." मी बाजूला झाले. त्या बराच वेळ डोळा लावून होत्या. "ह्या वाकड्या रेघा?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. "देवानं केलेल्या असत्या तर सरळ असत्या, असं?" त्यात चेष्टा नव्हती. त्यांना समजून घ्यायचं होतं.

अक्काचा चेहरा बदलला होता. भाऊजी गेल्यापासून मी तो तसा उजळलेला पाहिला नव्हता. "आमचा खाणीतला होता," ती म्हणाली. "सिंहलद्वीपचा. म्हणजे हा गिरीशचा नाही."

"अक्का, मी आत्ताच काय सांगितलं? दुकानात फसवतात."

"तू नेहमी असंच म्हणतीस, शालू. सगळ्या जगाला फसवतात, आणि कळतं फक्त तुला."

 जीप निघून गेल्यावर मी ट्रे पुन्हा जागेवर लावले. दोन दगडांचे खण चुकले होते, ते परीक्षेच्या दिवशी कळलं.

पुढचे आठवडे मला सर्वांत वाईट आठवतात. आगीच्या दिवसापेक्षाही. अक्का उभी राहिली. तिनं घर झाडलं, गिरीशचे शर्ट धुऊन इस्त्री करून ठेवले. तो घाबरून कुठंतरी गेला असेल, डोक्याला मार लागून नाव विसरला असेल, असं ती शेजाऱ्यांना सांगायची. धारवाडी हापूसचे दिवस होते. तिनं पेटी आणून आंबे त्याच्या खोलीत गवतात घातले. "तो आला की रस करू," म्हणाली. मी दर दोन-तीन दिवसांनी जायची. आधी नुसता गोड वास यायचा. मग तो दाट झाला, मग आंबूस. चिलटं झाली. ती आंब्यांना हात लावू देत नव्हती.

कांताबाईंचं उलट झालं होतं. खडा बघून आल्यावर त्यांनी गेलेला आपलाच, असं मनाशी ठरवून टाकलं. सिद्धार्थचा फोटो मोठा करून आणला, पण हार घातला नाही. देह ताब्यात द्या म्हणून त्या रोज इस्पितळात जायच्या आणि रिपोर्टशिवाय देता येत नाही म्हणून रोज परत यायच्या. मी एकदा त्यांच्या घरी गेले. त्यांनी पाणी दिलं. म्हणाल्या, "तुमची बहीण बरी आहे का? तिला म्हणावं, मला राग नाही. कुणाचा तरी आला तर बरंच आहे की."

मग एका दुपारी मागचा भाग उपसला. छपराचे पत्रे कापून बाजूला काढल्यावर कुलूप लावलेल्या दाराला लागून दुसरं प्रेत मिळालं.

दोघं हरवले होते, आता दोन प्रेतं होती. माझ्या त्या ग्लिसरीनच्या बशीचा, त्या वाकड्या रेघांचा उपयोग काय होता तर कुठला देह कुठल्या घरी जाईल, एवढंच सांगण्याचा. तेही त्या बशीनं सांगितलं नव्हतं. रिपोर्ट आला तेव्हा कळलं, खडा ज्याच्या हाताशी मिळाला तो गिरीश होता. दाराशी पोचलेला सिद्धार्थ. आम्ही अक्काच्या घरातले आंबे पोत्यात भरून टाकले. त्या दिवशी तिनं अडवलं नाही.

मला वाटलं होतं, आता ती रडेल आणि हळूहळू निवळेल. ती निवळली नाही. महिनाभरानं मी तिच्याजवळ बसले होते तेव्हा म्हणाली, "खोटा होता म्हणून गेला."

"अक्का, खड्यानं काही होत नाही. खराही नाही, खोटाही नाही. दाराला बाहेरून कुलूप होतं."

"ते मला माहीत आहे." ती भिंतीकडं बघत होती. "पण कुलूप माझ्या हातात नव्हतं, शालू. खडा माझ्या हातात होता. मी पारखून घेतला नाही. तुला दाखवला नाही."

 दगड ओळखायला मी तीस वर्षं शिकवते. तो कशाचा आहे, कुठून आला, किती उष्णता सोसेल, हे सगळं मला सांगता येतं. खाणीतला असता तरी तो त्या आगीतून असाच बाहेर आला असता, हेही मी सांगू शकले असते.

खटला चालू आहे. कांताबाई प्रत्येक तारखेला जातात. शाळेतून अर्धी रजा काढतात, डबा घेऊन जातात, कोर्टाच्या व्हरांड्यात बसतात. तारीख पुढं गेली की परत येतात. मीही बऱ्याचदा असते. मालकाचा वकील म्हणतो, कुलूप त्या दिवशी कुणी लावलं ते सिद्ध करा. कांताबाईंनी अक्काला कितीदा निरोप धाडला: दोघांच्याही आया उभ्या राहिल्या तर वजन पडेल. अक्का आली नाही. तिच्या लेखी त्या खटल्यात आरोपी चुकीचा उभा होता.

या वर्षी, गेल्याच आठवड्यात, अक्काचा फोन आला. "मला त्या दुकानात ने. भांडायचं नाही. नुसतं विचारायचं आहे."

ढग दाटून आलेली, उकडणारी दुपार होती. दुकान अरुंद, काउंटरमागं म्हातारा मालक. अक्कानं सगळं सांगितलं नाही. इतकंच म्हणाली की तुमच्याकडून घेतलेला नीलम भट्टीतला निघाला. तो म्हणाला, "अक्का, आम्हाला माल जसा येतो तसा आम्ही देतो. आम्हालाही सगळं कळत नाही." तो खोटं बोलत होता की खरं, ते मला समजलं नाही. अक्का मान हलवत राहिली.

शेजारी एक बाई बसली होती, चाळिशीची असेल. तिच्यापुढं निळ्या कागदाच्या पुडीत एक खडा होता. आमचं बोलणं ऐकून तिनं हात मागं घेतला. अक्कानं तिच्याकडं वळून विचारलं, "कुणासाठी?"

"मुलासाठी. पुण्याला असतो. सारखं काहीतरी होतंय त्याचं."

"माझ्या बहिणीला दाखवा आधी," अक्का म्हणाली. "ती ओळखते."

 मला नाही म्हणता आलं असतं. पण अक्का माझ्याकडं बघत होती. मी पर्समधलं भिंग काढलं आणि खडा दाराशी, उजेडात नेला. आत रेशमी सुया होत्या, एकमेकींना छेदणाऱ्या, बारीक. एका कोपऱ्यात सरळ पट्टा काटकोनापेक्षा थोडा जास्त वळलेला. आणखी तपासण्याची गरज नव्हती.

"खाणीतला आहे," मी म्हटलं. "यानं काही होत नाही, पण आहे खाणीतला."

माझं मधलं वाक्य कुणी ऐकलं नाही. त्या बाईनं खडा कपाळाला लावला. अक्कानं तिच्या दंडावर हात ठेवला. "जपून राहा म्हणावं त्याला," म्हणाली.

परत येताना अक्का माझ्याबरोबर धारवाडला यायला निघाली, बसमध्ये आम्ही शेजारी बसलो. पाऊस पडेल असं वाटत होतं, पडला नाही. नवलूर गेलं. अक्का म्हणाली, "तिच्या पोराचा खरा निघाला."

"हो."

"बरं झालं."

मी म्हटलं, "सोमवारी तारीख आहे. कांताबाई विचारत होत्या."

"मला काय विचारतील तिथं?"

"गिरीशबद्दल. दाराबद्दल."

ती खिडकीबाहेर बघत राहिली. बस थांबली, लोक उतरले, चढले. 

"त्याला बंद दार चालायचं नाही," ती म्हणाली. "लहानपणापासून. न्हाणीघराची कडीसुद्धा लावायचा नाही. बाहेर मी उभी राहायची, कुणी येऊ नये म्हणून."